देवघरामागचे चार झरोके

बसवनगुडी, बेंगळूरू
१२ मार्च २०२४

विलासभावजी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न उघडताच बाजूला टाकाल, म्हणून पत्ता महांतेशकडून लिहून घेतला. सात वर्षांनी लिहायला बसले ती अशी लबाडीनेच. महांतेश म्हणजे तुमच्या अण्णांना सांभाळायला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा येतो तो. हावेरीकडचा आहे, चाळिशीचा, हाताने हलका. यांना उचलतो तेव्हा यांच्या कपाळावर आठी पडत नाही.

मागच्या ऑगस्टात यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं दिवसाला दहा-वीस शब्दांवर आलं. शंतनू म्हणतो, काकांना कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. म्हणायला मला तोंड नाही.

फोन का केला नाही, तर यांचा पलंग आता खाली हॉलमध्ये असतो, आणि बोललेलं हॉलमध्ये ऐकू येणार नाही असा एक कोपरा तुम्ही या घरात ठेवलेला नाही. सगळं घर जिन्याभोवती मोकळं. गच्चीच्या दाराशी कुजबुजलं तरी खाली पोचतं. तुमचं नाव या घरात घेतलं जात नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काम असं आहे. डॉक्टरांनी बजावलंय की हा उन्हाळा यांना जपा. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, पाणी मोजून द्यायचं आहे, अंगाला घाम धड येत नाही. खोली तीस अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. निवृत्तीच्या वेळी कारखान्यातल्या मंडळींनी यांना एक पितळी तापमापक दिला. तो पलंगासमोर लावलाय. आज मार्चची नुसती बारा तारीख, आणि दुपारी तीन वाजता काटा तेहतीसवर. हे दिवसभर त्या काट्याकडे बघत पडून असतात. जन्मभर मापं घेण्यात गेलेला माणूस, त्याला खोटं काय सांगणार?

एसी आहेत. तुम्हाला राग येईल, पण तीन आहेत. एकही लागू नये म्हणून बांधलेल्या घरात तीन. शंतनूने कोरमंगलातून येऊन एका रविवारी तिन्ही बसवून टाकले. पण दुपारी वीज जाते, आणि असते तेव्हा तिला जोर नसतो, एसी नुसता गुरगुरत बसतो. त्यात गार झोत लागला की यांचा लुळा खांदा आखडतो आणि हे कण्हतात. पश्चिमेला चार मजली अपार्टमेंट झालंय, त्यांच्या सगळ्या यंत्रांची गरम हवा आपल्या खिडक्यांवर येते.

म्हणून आपलं सहज विचारते. हे घर यंत्राशिवाय गार कसं राहणार होतं? तुम्ही मला कागदावर बाण काढून समजावलं होतंत. मी हो हो म्हणाले होते, पण माझं सगळं लक्ष तेव्हा ओट्याच्या उंचीवर होतं.

यांच्या साठीशांतीला, भरल्या पंगतीत, हे तुम्हाला काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. “माझ्या भावाने मला घर नाही, भट्टी बांधून दिली.” तुम्ही ताटावरून उठलात. मी मठ्ठ्याचं पातेलं घेऊन तिथेच उभी होते. ते मनात धरून उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन. पण द्या.

तुमची वहिनी


२२ मार्च २०२४

विलासभावजी,

कार्ड मिळालं. ना मायना, ना सही, एकच ओळ: “पायाजवळचे चार झरोके उघडे आहेत का?” पोस्टमनने यांच्या देखत माझ्या हातात दिलं. भिशीच्या मैत्रिणीचं म्हणून मी ते ब्लाउजमध्ये खुपसलं. या वयात!

आहेत. उघडे आहेत. उत्तरेच्या भिंतीतले, जमिनीलगतचे, देवघरामागचे, तेच ना? विटेएवढे चार? उघडेच आहेत. मी आठवड्याला केरसुणीचं टोक घालून झाडून घेते. बाहेर कढीलिंबाचं झाड आहे, सावलीही छान असते. तुम्ही बाकी सगळं सोडून तेवढंच का विचारलंत, कळलं नाही.

आज चौतीस. पाण्याचीही बोंब आहे, टँकर दोन दिवसांआड येतो, तेव्हा गच्चीवर पाणी मारा एवढं मात्र सांगू नका. दुपारी वीज गेली की महांतेश पुठ्ठ्याने वारा घालतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, “अक्का, तुंबा सेके.” फार उकडतंय, हे मलाही कळतं हो. मी काय करू?

सविस्तर लिहा. एका ओळीवर माझं भागत नाही.

प्रमोदिनीवहिनी


९ एप्रिल २०२४, पाडवा

विलासभावजी,

तुमचं चार पानी पत्र आलं आणि मी ते स्वयंपाकघरात दार लोटून तीनदा वाचलं. राग तर दिसला नाहीच, उलट पानोपानी बाण. साठीला आलात तरी बाण काढायची हौस गेली नाही.

आता मला कळलं. मातीच्या जाड विटांची भिंत आणि जिना पश्चिमेला का, तर ऊन त्यांनी अंगावर घ्यावं. जिन्याच्या माथ्यावरच्या तिरप्या लाकडी फट्ट्यांच्या खिडक्या कशाला, तर तापलेली हवा जिन्यावाटे वर चढून तिथून निघून जावी. आणि ती वर गेली की तिच्या जागी झाडाच्या सावलीतली गार हवा खालून, झरोक्यांतून, आपोआप ओढली जावी. “घराला नाक आणि तोंड दोन्ही लागतं” असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही वेळा ती ओळ मी घाईने ओलांडली.

गच्चीला तुम्ही सांगितल्याप्रमाणे चुना दिला. बसवंत मेस्त्री आता थकलाय, त्याचा पुतण्या आला. चुन्यात डिंक कालवून तीन हात. दुपारी वर गेले तर डोळे दिपले. आणि भावजी, वरच्या खोल्या खरंच निवल्या! परवापर्यंत वर पाऊल टाकवत नव्हतं, आज मी तिथे बसून श्रीखंडाचे वेलदोडे सोलले. शंतनू आला होता, तोही चकित झाला, “चुन्याने एवढं होतं?” म्हणाला. मी म्हटलं, तुझा काका शिकलेला आहे. नाव ओठांवर आलंच होतं, गिळलं.

पण वर निवून उपयोग काय? हे खाली आहेत. जिना चढवणार कसा यांना? आणि खाली काही फरक नाही. आजही चौतीस.

तरी मी तुमचा शब्द न शब्द पाळते आहे. सकाळी नऊला खालच्या सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. वरच्या फट्ट्या उघड्या. “दिवसा खिडकीतून येते ती बाहेरची आच, तिला आत घेऊ नका, झरोक्यांतून येईल तेवढी हवा पुरे” असं तुम्ही लिहिलंय, तसंच करते. महांतेश कुरकुरतो, खिडकी उघडू म्हणतो. मी त्याला म्हटलं, सरी, सरी, कळलं, तू तुझं काम कर. तुमचं एकदा तरी नीट ऐकायचं मी ठरवलंय.

गुढी उभारली. यांना कडुलिंब-गूळ बोटाने चाटवला. यांनी तोंड वाकडं केलं, डाव्या बाजूने. उजवी हलत नाही. मला रडू आलं, मग मी उगाच श्रीखंडाला नावं ठेवली.

वहिनी


१९ एप्रिल २०२४

विलासभावजी,

आत्ताच तुमचं पत्र आलं. लगेच लिहायला बसले, कणीक तशीच आहे.

असं लिहू नका हो. “झरोके उघडे, फट्ट्या उघड्या, गच्ची पांढरी, आणि तरी चौतीस. म्हणजे माझं गणितच चुकलं होतं. अण्णा तेव्हा बरोबर बोलले.” हे वाक्य मी वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. एवढ्या उकाड्यात.

तुम्ही घरं बांधायचं त्या साठीशांतीनंतर सोडलंत, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं धारवाडला जाऊन तुमचं जोरात चाललं असेल. पॉलिटेक्निकमध्ये पोरांना नकाशे काढायला शिकवताय, ठीक आहे, चांगलं काम आहे. पण “परवापर्यंत एक मोडकी आशा होती की घर बरोबर असेल, अण्णांचाच काही गैरसमज असेल. तीही आता संपली. वारा ओढणाऱ्या जिन्याचा धडा पोरांना शिकवायचा बंद केला” हे कशासाठी लिहिलंत? मी तुम्हाला यांचा उन्हाळा कसा निघेल ते विचारलं होतं. तुमचा हिशोब चुकता करायला नव्हतं विचारलं.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका. घर चांगलं आहे. पहिल्या वर्षी, आठवतं ना, मे महिन्यात आपण सगळे हॉलमध्ये पत्ते खेळत बसायचो आणि सासूबाई पायावर पातळ ओढून घ्यायच्या? मग?

आणखी काही आहे, ते मी सवडीने लिहीन. आज छत्तीस आहे. हे जेवले नाहीत.

प्र.


२९ एप्रिल २०२४
रुग्णालय, तिसरा मजला, जिन्यातला बाक

विलासभावजी,

यांना काल दुपारी इथे आणलं. जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं वाचाल.

काल एक वाजता वीज गेली. इन्व्हर्टर दीड तास चालला आणि बसला, पंखाही बंद. खिडक्या सकाळपासून बंदच होत्या. महांतेश दोनदा म्हणाला, “अक्का, स्वल्प गाळी बेकु.” थोडा वारा हवा. मी म्हटलं, पत्रात बंद ठेवायला सांगितलंय. तिसऱ्यांदा त्याने न विचारता खिडकी उघडली, तर मी त्याच्या अंगावर ओरडून लावायला लावली. तीनला मी यांना ताक द्यायला गेले. अंग चुलीवरच्या तव्यासारखं, कोरडं ठक्क. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. तापमापकाचा काटा सदतीसच्या पुढे होता. महांतेशने यांना उचलून सरळ रस्त्यावर नेलं, ओला पंचा गुंडाळला आणि रिक्षा आणायला धावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी अर्धा तास गेला असता तर आणून उपयोग नव्हता. मग त्यांनी विचारलं, “खोली इतकी बंद का होती?”

मी त्यांना उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते.

झरोके उघडे नाहीत. मी खोटं लिहिलं. ते साडेसात वर्षांपूर्वी बुजवले. मी बुजवून घेतले.

तुम्हाला नकाशावरून झालेला आपला वाद आठवत असेल. मला देवघर ईशान्येलाच हवं होतं आणि तुम्हाला त्याच कोपऱ्यात झरोके हवे होते. शेवटी तुम्ही हसून म्हणालात, “दोघेही राहतील एकत्र, देवाला काय वाऱ्याचं वावडं?” राहिले. पण नवीन घरातल्या पहिल्या नवरात्रात घट बसवले, अखंड दिवा लावला, आणि तिसऱ्या माळेला आरतीसाठी वळले तर दिवा विझलेला. झरोक्यातून वारा आला होता. परत लावला. सातव्या माळेला पुन्हा विझला. मी कुणाला सांगितलं नाही. आणि त्याच पौषात सासूबाई गेल्या.

एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या, दम्याने बेजार होत्या, सगळं मला कळत होतं. तरी मनातून ते जाईना. दुसऱ्या वर्षीचं नवरात्र आलं तसा मला रात्रंदिवस एकच घोर, पुन्हा विझला तर आता कोणाची पाळी? हे तेव्हा आठ दिवस दौऱ्यावर होते. मी बसवंताला बोलावलं. त्याने विचारलं, “अक्का, साहेबांना सांगितलंय ना?” मी हो म्हटलं. अर्ध्या दिवसात चारही झरोके विटांनी बंद, वरून गिलावा, वरून टाइल्स, आणि पुढे शिसवी कपाट. दिवा नऊ दिवस तेवला. मी खूश.

काचेची एक चिमणी दिव्यावर ठेवली असती तर भागलं असतं, भावजी. चिकपेटेत समया-निरांजनांच्या दुकानांची रांग आहे, कुठेही मिळाली असती. हे मला पुढे दोन वर्षांनी सुचलं. घराचं नाक दाबलंय हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं, चार भोकं तर आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात घर तापलं. साठीशांतीला सगळे घामाने निथळत होते, आणि हे पंगतीत ते बोलले. तुम्ही म्हणालात, “अण्णा, असं होऊच शकत नाही, मला झरोके बघू दे.” उठून देवघराकडे निघालात. आणि मी, मी वाटेत आडवी आले. म्हटलं, देवघरात आत्ता सोवळ्याचं आहे, जाऊ नका. सगळ्यांच्या समोर म्हटलं. तुम्ही तिथूनच फिरलात, ताटाकडेही आला नाहीत.

मी गेली सात वर्षं स्वतःला सांगत आले की ते यांचं बोलणं होतं, माझं नाही. यांनी तुमचं नाव टाकलं, मी नाही. परवाही मला वाटत होतं की तुमच्या बाकीच्या युक्त्यांनी भागेल आणि हे सांगावंच लागणार नाही. म्हणून खिडक्या बंद ठेवल्या. तुमचं ऐकते म्हणून नव्हे. आपलं झाकण्यासाठी.

तुमचं गणित बरोबर होतं. ते पोरांना परत शिकवा.

मला माफ करा असं मी लिहीत नाही, तो अधिकार माझा नाही. पण हे आठवड्याभरात घरी येतील, त्याच हॉलमध्ये. कुठे फोडायचं तेवढं सांगा.

प्रमोदिनी


४ मे २०२४

विलासभावजी,

पत्र स्पीडपोस्टाने पाठवलं होतं. पोचल्याची सही तुमचीच आहे, शंतनूने फोनवर बघून सांगितलं. त्यालाही सगळं सांगितलं मी. तो म्हणाला, “आई, तू मला तीन एसी बसवताना बघत होतीस.” मला खाली बघावं लागलं.

तुमचं उत्तर नाही. नसू दे. पण यांना बुधवारी सोडणार आहेत.

आज मी आणि महांतेशने शिसवी कपाट सरकवलं. मागे सगळी भिंत एकसारखी, पांढऱ्या टाइल्सची. बत्ता घेऊन ठोकत बसले, कुठे पोकळ वाजतंय का बघायला. कुठेच वाजत नाही. बसवंताने काम पक्कं केलंय, मीच तसं सांगितलं होतं. त्याच्या घरी माणूस पाठवला तर तो म्हणतो, आठवत नाही अक्का, आणि त्याच भिंतीतून दिव्याच्या तारा गेल्यात, अंदाजाने फोडू नका. बाहेरून बघावं तर पुतण्याने चुना देताना तिकडून सिमेंटचा हात मारून ठेवलाय.

नकाशा या घरात नाही. साठीशांतीच्या दुसऱ्या दिवशी यांनी तो फाडला. एक प्रत तुमच्याकडे असणार, तुम्ही कागद टाकणाऱ्यांतले नाही.

माझ्याशी बोलू नका, जन्मभर बोलू नका. त्या भिंतीचं माप पाठवा. तुमच्या अण्णांसाठी पाठवा.

प्र.


११ मे २०२४

विलासभावजी,

माप मंगळवारी आलं. मायना नाही, सही नाही. पेन्सिलीने काढलेली भिंत, चार चौकोन, “जमिनीपासून नऊ इंच, कोपऱ्यापासून दोन फूट, तारा वरून गेल्या आहेत, खाली धोका नाही.” खाली दोन शब्द: “देव हलवा.” आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, “उघडल्यावर दिवा ठेवून बघा, कळेल.” मी तो कागद कपाळाला लावला. आता हसा.

देव मी त्याच संध्याकाळी हलवले. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीला फळी ठोकून घेतली, तिथे ठेवले. ईशान्य नाही. काही झालं नाही, दूधसुद्धा नासलं नाही.

पण भिंत फोडायच्या आधी यांना सांगणं भाग होतं. बुधवारी हे घरी आले, पलंग परत हॉलमध्ये, भिंतीपासून दहा पावलांवर. छिन्नीचा पहिला घाव पडला की विचारणारच. आणि न विचारलं तरी आता मला आणखी एक खोटं बोलायचं त्राण नव्हतं. गुरुवारी सकाळी महांतेशला बाहेर बसवलं, मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. दिवा, सासूबाई, बसवंत, सोवळं, तुमची पत्रं. हे माझ्याकडे बघत होते. झटक्यानंतर यांचा चेहरा वाचता येत नाही, अर्धाच बोलतो. सांगून झालं तसे यांनी डोळे मिटले आणि मान भिंतीकडे केली.

दोन दिवस माझ्या हातून पाणी घेतलं नाही. महांतेशच्या हातून घ्यायचे. मी खोलीत आले की डोळे मिटायचे. सात वर्षं ज्याला भ्याले तेच हे, आणि ते आलं तेव्हा सोसायलाही लागलं. मला सारखं वाटत होतं की पाणी कमी गेलं, त्याने काही झालं तर तेही माझ्याच माथी. दर तासाला महांतेशला विचारत होते, किती घोट घेतले?

बसवंत काल स्वतः आला. हात कापतात, पण म्हणाला, मी बुजवलं, मीच उघडणार. पुतण्याने छिन्नी धरली, याने बोट दाखवलं. तुमच्या मापाला एक सूतसुद्धा फरक नव्हता. पहिली वीट निघाली तेव्हा आतून उंदराचं जुनं घरटं पडलं. चौथी निघाली तेव्हा चार वाजले होते, वीज नव्हती, हॉलमध्ये पस्तीस. ओला पंचा यांच्या अंगावर होता. मला वाटलं होतं, वारा भसकन येईल. काहीच आलं नाही. मी भोकाशी हात धरून बसले आणि माझं अवसान गेलं. बसवंत म्हणाला, “अक्का, वरचं उघडा.” आम्ही रुग्णालयात असताना, धूळ येते म्हणून शंतनूने फट्ट्या लावून ठेवल्या होत्या, माझ्या लक्षातच नव्हतं. महांतेश तीन-तीन पायऱ्या गाळत वर गेला.

मग मी तुम्ही सांगितलंत तसं केलं. नवरात्रातला तो मोठा दिवा घेतला, तेलाने भरला, जुन्या देवघराच्या जागी झरोक्यांसमोर ठेवला आणि पेटवला. ज्योत दोन क्षण सरळ होती. मग जिन्याकडे लवली, लवूनच राहिली, आणि विझली.

इतक्या वर्षांची सवय, माझा हात काडेपेटीकडे गेला. परत लावला. परत विझला. तिसरी काडी ओढणार, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

“नको लावू.”

दोन दिवसांत माझ्याशी बोललेले पहिले शब्द. वळून बघितलं तर हे डोळे उघडून त्या विझल्या वातीच्या धुराकडे बघत होते. धूर जमिनीलगत सरकत जिन्यापर्यंत जात होता आणि तिथून वर चढत होता, अगदी तुमच्या बाणासारखा. हे तो बघत राहिले, धूर संपेपर्यंत. मग डावा हात पुढे केला. मला वाटलं, पाणी हवंय. मी भांडं दिलं, घेतलं. माझ्या हातून. पिऊन झाल्यावर हात पुन्हा पुढे केला आणि हवेत रेघ ओढून दाखवली. लिहायला हवं होतं.

आज सकाळी सहाला काटा अठ्ठावीसवर होता. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, वीज गेलेलीच आहे, आणि तीस. एकतीस होतं की काय या धास्तीने मी दर दहा मिनिटांनी उठून बघते. उन्हाळा अजून सरलेला नाही आणि यांची छातीही अजून घरघरते, तेव्हा सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. झरोक्यांना जाळी लावायची आहे, ती कोणती ते कळवा.

खालच्या ओळी यांच्या आहेत. डाव्या हाताने लिहिल्यात, पाऊण तास लागला. मी कागद धरला होता, हात नाही.

प्रमोदिनी


विलास
भट्टी नाही
ये